माझ्या 'करतो'चं 'करते' करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आधीच एक सांगून ठेवतो, मी मुलगी आहे. वय २४, राहणार वडगाव, बेळगाव, घरातच बसून चित्रं काढतो आणि त्याचेच पैसे मिळवतो, म्हणजे कधी मिळवतो आणि कधी नुसते मागत बसतो. हे सुरुवातीलाच लिहायचं कारण असं की तुमच्या ऑफिसात जे कोण प्रूफ बघत असतील ते पत्र हातात घेतल्या घेतल्या लाल पेन काढतील आणि 'करतो'चं 'करते', 'गेलो'चं 'गेले' करत सुटतील, तर कृपा करून तसं करू नका. ती चूक नाही. आमच्या घरात आजी 'मी येतो' म्हणते, आई 'मी जेवलो' म्हणते, शेजारच्या काकू रोज सकाळी 'मी जरा पेपर घेऊन जातो गे' म्हणतात आणि खरोखर घेऊन जातात. शाळेत बाईंनी दहा वर्षं दुरुस्त करून बघितलं, पेपरात मार्क गेले, खरं सवय गेली नाही. (हे 'खरं' म्हणजे आमचं 'पण'. ते पण राहू दे.)

आता पत्र का लिहालोय ते सांगतो. आमची आजी तुमचा पेपर पहिल्या पानाच्या पट्टीपासून शेवटच्या टेंडर नोटिशीपर्यंत वाचते, आणि तिचा सगळ्यात आवडता कोपरा म्हणजे वाचकांची पत्रं. मी तिला रोज काहीतरी काढलेलं दाखवतो, ती चष्मा वर करून बघते आणि म्हणते, 'बरं हाय गे, खरं पेपरात कधी येणार?' तिच्या लेखी पेपरात आलं नाही ते झालंच नाही. माझं पुस्तक छापून आलं, त्यावर माझं नाव आहे, ते तिच्या हातात दिलं, तरी तिचं तेच. तर म्हटलं ठीक आहे, पेपरातच घालू. आणि दुसरं असं की तुमच्या त्या कोपऱ्यात वर्षभर खड्डे, गटारं, मोकाट कुत्री, बंद पथदिवे आणि वेळेवर न येणारं पाणी हेच असतं, ते खरंच आहे आणि यायलाच पाहिजे, खरं एक पत्र असं पण येऊ दे ज्यात एकही खड्डा नाही, नुसती घरची खुशाली आहे.

तर खुशाली.

घरात सगळ्यात मोठी बातमी म्हणजे दादाचं लग्न झालं. दादा उद्यमबागेत फाउंड्रीत असतो, वहिनी बैलहोंगलकडची, घरी सगळं कन्नड. बेळगावात ही काय नवलाची गोष्ट नाही, आमच्या गल्लीत दर तीन घरांत एक असं आहेच, खरं आमच्या घरात पहिल्यांदाच झालंय, त्यामुळं पहिले दोन महिने सगळे एकमेकांशी असे हळू आणि मोठ्यानं बोलायचे जणू काय समोरचा बहिरा आहे. वहिनी हुशार, तिनं मराठी पटापट उचललं, फक्त तिचं एकच दुखणं, वस्तूंत कोण बाई आणि कोण बुवा ते कसं कळणार. 'दूध उतू गेली.' 'चहा झाली.' 'खुर्ची तुटला.' आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकेक दुरुस्त करते, 'गेलं म्हण, दूध गेलं,' आणि वहिनी वैतागून विचारते की दुधात असं काय आहे जे चहात नाही. याचं उत्तर घरात कोणाकडंच नाही, मी पण पुस्तकांत हुडकून बघितलं.

आणि मग एक दिवस गंमत झाली. आजी देवळाला निघाली होती, दारातनं म्हणाली, 'मी जाऊन येतो गे.' वहिनीनं पीठ मळता मळता मान वर केली आणि मला विचारलं, बाबा पण 'येतो' म्हणतात, आजी पण 'येतो', तुम्ही पण 'येतो', मग हे बायकांना कसं चालतं? मी म्हटलं चालतं, आमच्यात असंच. तिचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली आमच्यात पण तसंच की, 'ना बर्तेनी', बाई म्हणाली तरी तेच आणि बुवा म्हणाला तरी तेच! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. कन्नडात 'मी' म्हटलं की क्रियापदाला बाई-बुवा नाही, 'तो' आणि 'ती' म्हटलं की मग वेगळं होतं. आमच्या तोंडात हे कन्नडच्या शेजारानंच येऊन बसलं असणार, आणि शाळेत बाईंनी ज्याला दहा वर्षं चूक म्हटलं ती एकच जागा माझ्या वहिनीला मराठीत न अडखळता बोलता येते. आजीला हे सगळं समजावून सांगितलं तर तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, 'मी बोलालोय म्हटल्यावर मी बाई का बुवा ते समोरच्याला दिसतंय की.'

समोरच्याला दिसलं तर ठीक, खरं दिसलं नाही की काय होतं ते ऐका. पुण्यातल्या एका प्रकाशनाचं लहान मुलांच्या पुस्तकाचं काम मला मिळालं, चोवीस पानं, सगळी वॉटरकलर. बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. तिथल्या मॅडमना मी लिहायचो, 'उद्या पाठवतो', 'रंग बदलून देतो', 'आज लाईट नव्हती, रात्री बसतो'. माझं नाव असं आहे की पोराचं पण असतं आणि पोरीचं पण, त्यामुळं तीन महिने त्या मला 'दादा' म्हणत होत्या आणि मला वाटायचं पुण्यात सगळ्यांनाच प्रेमानं दादा म्हणत असतील. शेवटी कव्हरसाठी व्हिडिओ कॉल झाला. मी दिसल्यावर त्या गोड हसून म्हणाल्या, 'ताई, जरा दादांना बोलावता का?' मी गेलो आणि फाउंड्रीतनं नुकताच आलेल्या आमच्या दादाला खरोखर घेऊन आलो. त्याला वाटलं पैशाचं काहीतरी लफडं झालंय. तो घामाघूम, हात काळे, आणि मॅडम त्याला विचारतायत की पान नंबर सातवरच्या बेडकाचा हिरवा जरा कमी करता येईल का.

त्यानंतर आठवडाभर मी ठरवून 'पाठवते', 'करते', 'बघते' लिहून बघितलं. दुसऱ्याची चप्पल घालून देवळातनं घरी आल्यासारखं वाटायचं, पाय पोचतात पण अंगठा शोधत राहतो. एका मेसेजमध्ये तर मी लिहिलं, 'चित्र आत्ता पाठवते आणि संध्याकाळी बिल घेऊन येतो', मग त्यांना वाटलं चित्र बायको पाठवणार आणि बिल नवरा आणणार. सोडून दिलं. पुढच्या वेळी हुबळीहून येणाऱ्या वंदे भारतनं स्वतःच पुण्याला गेलो, समोरासमोर बसून कुंद्याचा बॉक्स दिला आणि सांगितलं, मॅडम मी असाच बोलतो. त्यांनी कुंदा खाल्ला. आता त्या मला ताई म्हणतात आणि मी त्यांना 'येतो' म्हणतो, काम व्यवस्थित चाललंय. फक्त 'खरं'चा घोळ अजून मिटायचा आहे, मी लिहितो 'फोन केलो होतो खरं तुम्ही उचललात नाही', त्या लिहितात 'खरंच का?'

आता दुसरा प्रोजेक्ट, आणि हा सांगताना मी जरा लांबण लावणार आहे, जागा नसेल तर वरचा बेडूक कापा पण हे कापू नका.

आमच्या बाबांचे चार माग आहेत, पावरलूम, घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. लहानपणापासून त्या खटाखट आवाजात झोपलोय, लाईट गेली की आवाज बंद होतो आणि आम्ही सगळे जागे होतो, पाहुण्यांना हे उलटं वाटतं. आई आणि आजी मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरतात. साडीच्या काठापदराची नक्षी येते ती जेकार्डवर, म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं एक यंत्र आणि त्यातनं फिरणारी पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ. कार्डाला भोकं असतात. भोक असलं की तिथला हुक उचलतो, दोरा वर जातो, भोक नसलं की दोरा खालीच. एक कार्ड म्हणजे कापडाची एक ओळ. फ्रान्समधल्या जेकार्ड नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमाराला हे काढलं आणि अजून आमच्या शेडमध्ये ते चाललंय. बाबा आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन पेन्सिलीनं भरून डिझाईन काढायचे, मग पंचिंगवाला त्यावरनं भोकं पाडून द्यायचा.

मी कॉम्प्युटरवर पिक्सेल आर्ट करतो, म्हणजे चौकोन चौकोन भरून चित्र. बाबांना वाटायचं पोरगी दिवसभर गेम खेळते. एकदा मागं येऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'हे तर आमचा ग्राफ की!' त्या दिवसापासून आमच्या दोघांची पार्टनरशिप सुरू झाली, आणि भांडणं पण.

मी किल्ल्यात स्केचिंगला जातो, रविवारी. तिथं कमल बस्ती आहे, १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेलं जैन मंदिर. मंडपाच्या छताला दगडाचं एक कमळ कोरलंय, त्याच्यावरनंच नाव पडलंय, आणि ते बघायचं म्हणजे मान मोडते. मी त्याच्या पाकळ्या मोजायला लागलो. पहिल्यांदा ७१ आल्या, दुसऱ्यांदा ७४, तिसऱ्यांदा मोजताना कोणीतरी शाळेची सहल घेऊन आत आलं. तिथं बसलेल्या एका आजोबांनी माझी दया येऊन सांगितलं की ७२ आहेत, मागचे चोवीस तीर्थंकर, आत्ताचे चोवीस आणि पुढं होणारे चोवीस. घरी आलो आणि बाबांना म्हटलं हे कमळ साडीच्या पदरावर आणायचं.

बाबांनी चित्र बघितलं, आवडलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'हुक किती?' आमचं जेकार्ड १२० हुकांचं. म्हणजे आडवे १२० चौकोन, बस, त्यात काय मावायचं ते मावेल. १२० चौकोनांच्या वर्तुळात ७२ पाकळ्या बसवायच्या म्हणजे कडेला एकेका पाकळीच्या वाट्याला जेमतेम पाच दोरे येतात, आणि पाच दोऱ्यांत पाकळी होत नाही, खवला होतो. बाबा म्हणाले आठ पाकळ्या कर, मी म्हटलं आठ पाकळ्यांचं कमळ रांगोळीत पण असतं मग किल्ल्यात कशाला जायचं. दोन दिवस बोलणं बंद. आई म्हणाली तुम्ही दोघं बापलेक आधी जेवून घ्या. शेवटी मी २४ वर आलो, निदान एक चोविशी तरी पुरी होते, आणि बाबा कसेबसे हो म्हणाले.

मी कॉम्प्युटरवर १२० बाय १२० चं झकास गोल कमळ केलं. कार्डं पाडून आणली, माळ चढवली, माग चालू केला, आणि कापडावर जे आलं ते बघून आजी म्हणाली, 'अंडं चांगलं जमलंय गे.' खरंच अंडं. उभं, लांबट, पाकळ्यांचं अंडं. मला काही कळेना, स्क्रीनवर तर गोल होतं. बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग सांगितलं की तुझ्या स्क्रीनवरचा चौकोन चौकोनी आहे, आमच्या कापडावरचा नाही. आमच्या या मालाला इंचात ताण्याचे, म्हणजे उभे, ८० दोरे आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, ५०. म्हणजे आडवे १२० चौकोन दीड इंचात बसतात, आणि उभ्या १२० ओळी व्हायला जवळजवळ अडीच इंच लागतात. गोल पाहिजे तर १२० ला ७५ ओळीच काढायच्या, म्हणजे कागदावर ते चपटं दिसायला पाहिजे, कोबीवर कोणीतरी बसल्यासारखं, तेव्हा कापडावर गोल येतं. चौथी नापास माणूस हे सगळं बोटांवर करतो आणि मी ड्रॉईंगची डिग्री घेऊन अंडं विणलं. ७५ ओळी म्हणजे ७५ कार्डं, पंचेचाळीस कार्डांचे पैसे वाचले यात बाबांना कमळापेक्षा जास्त आनंद झाला.

दुसरं सँपल गोल आलं. जांभळ्या पदरावर सोनेरी. आजीनं नऊवारीतच पाहिजे म्हणून हट्ट धरलाय, तेवढं लांब कोण विणणार यावर सध्या चर्चा चालू आहे. अंडं मी फ्रेम करून माझ्या टेबलावर लावलंय.

बाकी बारीकसारीक. पावसाळ्यात माझा धंदा निम्मा होतो, कारण बेळगावच्या पावसात वॉटरकलर वाळत नाही, आठ-आठ दिवस कागद ओला तो ओलाच, लोक याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं महाबळेश्वरला चित्रकारांचं कसं होतं ते एकदा विचारायला पाहिजे. मी हेअर ड्रायर मारतो, लाईट नसेल तर आजीच्या चुलीच्या वर दोरी बांधून चित्रं वाळत घालतो, त्या पुस्तकातल्या बेडकाला म्हणूनच धुराचा जरा वास आहे. मांजरानं दोन पानांवर पाय उमटवले, ते ढग म्हणून खपले. मांजराचं नाव धोटा, म्हणजे मागात आडवा दोरा घेऊन इकडनं तिकडं धावतो तो, कारण ते या खोलीतनं त्या खोलीत आणि त्या खोलीतनं या खोलीत, दिवसभर तेवढंच करतं.

मधे दुकानाच्या बोर्डाचं एक काम आलं होतं. दादाच्या मित्राचं गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चिरमुरे, आणि मिरची भज्यांचं दुकान. आता नियमानं बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे, म्हणून बाबा टेप घेऊन आले आणि त्यांनी साडीच्या काठासारखं बोर्डाचं माप काढून दिलं, एवढं कन्नड, एवढी मराठी. कन्नड अक्षरं वहिनीनं तपासली. हाताने रंगवताना मला पहिल्यांदाच नीट कळलं की आपली अक्षरं सगळी एका दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबतात आणि कन्नड अक्षरं बहुतेक आपापली टोपी घालून वेगवेगळी उभी असतात, तलेकट्टु म्हणतात त्या टोपीला. दोन्ही एका ओळीत एकाच उंचीची दिसायला पाहिजेत तर फार डोकं लागतं. 'चिरमुरे' दोन्हीकडं छान बसले. या बोर्डाचे पैसे भज्यांत मिळाले.

आणि व्हॉट्सॲपचे स्टिकर केलेत, आजीच्या चेहऱ्याचे. एकात आजी कपाळाला हात लावून 'हुडकालोय' म्हणते, एकात चष्मा वर करून 'बरं हाय खरं', एकात पदर खोचून 'मी येतो'. आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आता कोणी शब्द लिहितच नाही, सगळीकडं आजीच आजी. कडोलीची मामी तर मयताच्या बातमीखाली पण 'बरं हाय खरं' टाकून बसली, मग तिला तो कसा डिलीट करायचा ते शिकवावं लागलं. आजीला स्टिकर दाखवले, ती म्हणाली, 'मी एवढी म्हातारी दिसतो व्हय?'

हे लिहिताना एक कबूल करतो. परवा शहापुरात रंग आणायला गेलो होतो आणि येताना गाडी एका ठिकाणी अशी आदळली की निळ्या शाईची बाटली पिशवीत फुटली, आणि तिथल्या डबक्यातलं पाणी दोन दिवस निळं होतं. कुठं ते सांगत नाही. खड्डा नाही म्हणून पत्राच्या सुरुवातीला शब्द दिलाय.

तर साहेब, एवढीच विनंती. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, जुन्या मापाचं जेकार्ड कुणाकडं पडून असेल, कार्डांच्या माळा, पेन्सिलीचे ग्राफ माळ्यावर असतील, तर ते रद्दीत घालायच्या आधी वडगावात आमच्याकडं कळवा एवढी ओळ राहू दे, आणि माझे 'करतो', 'गेलो', 'लिहालोय' जसेच्या तसे राहू देत, कारण आजीनं सकाळी 'मी करते, मी गेले' असं वाचलं तर ती म्हणणार हे पत्र तू लिहिलंसच नाहीस, दुसऱ्याच कोणत्या तरी पोरीचं आहे, आणि मग एवढं सगळं करून पुन्हा तेच.

आणि शक्यतो मंगळवारी छापू नका. मंगळवारी शेजारच्या काकू पेपर लवकर घेऊन जातात.

आपला,
म्हणजे आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव